कस्टर्डच्या वाटीतले नीरेचे पाणी

१८३६ साली कंपनी सरकारने इंदापूर तालुक्यात जमीन महसुलाची नवी आकारणी लागू केली. मुलकी खात्यातले एच. ई. गोल्डस्मिड आणि फौजेतले इंजिनिअर लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या दोघांनी ती ठरवली होती. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने शेताच्या निव्वळ उत्पन्नातला ५५ टक्के वाटा सरकारचा, असा हिशेब मांडला होता. कागदावर तो काटेकोर होता, पण तो भरता भरता रयत वावरे टाकून परागंदा होऊ लागली होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मातीची प्रत पाहून दर उतरवले आणि तीस वर्षे ते वाढवायचे नाहीत असे ठरवून दिले. पुढे हीच पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. तिची पहिली परीक्षा झाली ती इंदापूरच्या माळरानावर.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३७ साली, इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरातल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने घरातल्या एका अडचणीवर तोड काढली. त्याची पत्नी एलिझाबेथ हिला अंडी सोसत नसत आणि इंग्रजी कस्टर्ड तर अंड्यांवाचून होत नसे. बर्डने मक्याच्या सत्त्वात, म्हणजे आज आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो त्यात, रंग आणि स्वाद घालून एक पावडर तयार केली. दुधात ती कालवून शिजवली की अंड्याशिवाय दूध दाट होई. घरच्या पाहुण्यांनाही ते आवडले आणि पावडर दुकानात विकायला आली. थंडीपावसाच्या त्या देशात जेवणाच्या शेवटी पुडिंगवर ऊनऊन पिवळे कस्टर्ड ओतून खाणे ही गरिबा-श्रीमंतांची, शाळकरी पोरांची आणि आजाऱ्यांची सवय झाली. दिवसभराचा शीण उतरवणारे, जिवाला बरे वाटायला लावणारे ते खाणे होते.

या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मात्र बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कुठल्याही किराणा दुकानात कस्टर्ड पावडरचा खोका मिळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरे आली की मामी पातेलेभर फ्रूट कस्टर्ड करून फ्रिजमध्ये ठेवते. कस्टर्डला पावडरखेरीज दोनच गोष्टी लागतात, दूध आणि साखर. या दोन्ही गोष्टी आज या दोन तालुक्यांतून टँकर आणि ट्रक भरभरून बाहेर जातात. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या बहुतेक घरांत त्यांतली एकही पोटभर नव्हती. ती कशी आली, कोणाच्या कष्टांवर आली आणि अजून कोणापर्यंत पोचलेली नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पावडर परदेशातून आली, पण वाटीतल्या गोडव्याची किंमत इथल्या माणसांनी मोजली आहे.

माडग्याचा मुलूख

सह्याद्रीला अडलेला पाऊस पुरंदरच्या डोंगरापुढे सरकेपर्यंत रिता होतो. बारामती आणि इंदापूर पर्जन्यछायेत येतात. पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी, करडई ही इथली पिके. रोजचे जेवण म्हणजे भाकरी, त्यावर ठेचा किंवा कोरड्यास. थंडीत, आजारपणात, बाळंतपणात किंवा दमून घरी आल्यावर जिवाला आधार द्यायचे ते हुलग्याचे माडगे. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ थंड पाण्यात गुठळी राहू न देता कालवायचे, उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचे आणि सतत ढवळायचे. मीठ, लसूण, जिरे घालून नाहीतर गुळाचा खडा टाकून ते गरम गरम प्यायचे. ज्वारीच्या पिठाची आंबील हा त्याचाच दुसरा प्रकार.

बर्डच्या पावडरमागे जे शास्त्र आहे तेच माडग्यातही असते. पिठातले स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि पातळ पदार्थ दाट होतो. आधी थंड द्रवात कालवून घेतले नाही तर कण बाहेरून शिजतात, आतून कोरडे राहतात आणि गुठळ्या होतात. हे ज्ञान इथल्या बायकांच्या हातात पिढ्यान् पिढ्या होते.

अंड्याच्या जुन्या कस्टर्डलाही इथे सख्खे नातेवाईक होते. म्हैस व्याली की पहिल्या दिवसांच्या चिकात दूध आणि गूळ मिसळून, वेलदोडा-जायफळ घालून तो वाफवायचा. झालेला खरवस वड्या पाडून शेजारीपाजारी वाटायचा. चिकातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात, तशीच अंड्यातलीही होतात. म्हणून वाफवलेले कॅरॅमल कस्टर्ड पहिल्यांदा चाखणाऱ्या मराठी माणसाला खरवसाची आठवण होते.

तेव्हा इथे कौशल्याची कधीच वाण नव्हती. वाण होती ती वरकड दुधाची. घरात म्हैस असली तर लोणी कढवून तूप बाजारात जाई आणि पोरांच्या वाट्याला ताक येई. गोड म्हणजे गूळ, तोही सणावारी. या साऱ्याच्या मुळाशी होती ती पाण्याची वाण.

सुपे आणि त्यानंतरचे वर्ष

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसावर झडप घातली. दख्खनमध्ये भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला आणि शेतकऱ्यांनी कर्जे उचलली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ साली, इंदापूरच्या आकारणीची तीस वर्षांची मुदत सरली आणि नवी आकारणी आली ती मोठ्या वाढीसह. एकीकडे सरकारचा हप्ता, दुसरीकडे सावकाराचे खत. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा हाती असला की सावकार जमिनीवर नाव चढवून घेऊ शकत होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात हा कोंडमारा फुटला. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. त्यांना हवी होती खाती, खते आणि वह्या. त्यांची त्यांनी होळी केली. माणसे मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. आपल्या गुलामीचा कागद नाहीसा करणे हा होता. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

मधल्या काळात त्याहून भयंकर संकट कोसळले होते. १८७६ साली पाऊस गेला. इंदापूर, भीमथडी या पूर्वेकडच्या तालुक्यांत खरीप जळाले, रब्बी पेरलीच गेली नाही, आड-विहिरी आटल्या. जनावरे कसायाला गेली किंवा दावणीला मेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल याने मजुरी उतरवली. गड्यामागे दिवसाला दीड पौंडाऐवजी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याचा हिशेब धरावा असे त्याचे म्हणणे. दिवसभर माती खणणाऱ्या माणसाला हे पुरणारे नव्हते. मुंबई इलाख्यातल्या कामांवरच्या मजुरांनी हजारोंच्या संख्येने काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे लावून धरली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता आणि त्याचे स्थान आपल्या इतिहासात मोठे असायला हवे.

याच दुष्काळात नीरा कालव्याचे काम सुरू झाले. पुरंदर, भीमथडी आणि इंदापूर या तालुक्यांतून जाणारा हा पाट उपाशी माणसांनी खणला. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्यांत बायका होत्या, पोरे होती, दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या खतावर अंगठे उमटले होते ती कुळे होती.

पाट

१८८५ च्या सुमारास पाटाला पाणी सुटले. वीर येथे नीरेवर बंधारा घालून तिथून डावा कालवा काढला होता. त्याची लांबी शंभर मैलांच्या घरात. उन्हाळ्यातही पाणी पुरावे म्हणून नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर भोर संस्थानच्या हद्दीत भाटघरचे धरण बांधले. त्या जलाशयाला व्हाइटिंग या इंजिनिअरचे नाव दिले गेले. पुढे त्याच्या खालच्या अंगाला अधिक उंच धरण झाले. त्याला गव्हर्नर लॉइड याचे नाव मिळाले आणि १९३८ साली नीरेच्या उजव्या कालव्यालाही पाणी आले.

पाणी आले म्हणून लगेच हिरवळ पसरली नाही. पाणीपट्टी रोख भरावी लागे, खतासाठी भांडवल लागे आणि हाती दोन्ही नव्हते. पाऊस बरा झाला की शेतकरी पाटाकडे पाठ फिरवत आणि दुष्काळ पडला की सारे एकदम पाणी मागत. बागायतीचे कसब घेऊन आले ते सासवडकडचे माळी. त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, पेंड-शेणखत घातले आणि जाड, रसाळ पुंड्या ऊस उभा केला. पाहता पाहता स्थानिक शेतकरीही उसाकडे वळला. पाणी एकाच जागी फार दिले गेले तिथे जमिनी चोपण झाल्या, तेही याच काळात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारच्या नोकरीत होते. पाण्याची ही उधळण रोखण्यासाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, गटाच्या एका भागात ऊस आणि बाकीच्यात कमी पाण्याची पिके घ्यायची, आणि लाभ जास्तीत जास्त गावांना पोचवायचा. तुटपुंजे पाणी अनेकांत वाटावे, हे तत्त्व त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथल्याच पाटावर मांडले.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हाच प्रश्न मुळापासून विचारला होता. बंधारे घाला, तलाव बांधा, वाहून जाणारे पाणी आणि माती शेतात मुरवा, असे ते सरकारला बजावत होते. पाटबंधारे खात्याचा कारभार शेतकऱ्याच्या सोयीने चालत नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढच्या काळात तिचा प्रत्यय वारंवार आला.

उसाबरोबर गुऱ्हाळे आली. चरकातून निघालेला रस काहिलीत पडायचा, चुलवणात चिपाडे धडधडायची, मळी निघायची आणि गुळव्याच्या डोळ्याने पाक ओळखला की ढेपा पडायच्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दौंडपासून बारामतीपर्यंत छोटी रेल्वे आली आणि गुळाला मुख्य लोहमार्गाची वाट मिळाली. बारामतीची पेठ गुळाने भरून गेली.

साखर आली तेव्हा

गुळाच्या त्या सुबत्तेतही कस्टर्डसारखा पदार्थ घरोघर होणे अवघड होते आणि त्याचे कारण स्वयंपाकघरातले आहे. गुळात आम्ल असते, क्षार असतात. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची धास्ती. म्हणून गुळाची खीर करताना ती उतरवून जरा निवू देतात आणि मगच गूळ मिसळतात. दुधाला शिजतानाच गोड करायचे आणि त्याचा रंगही राखायचा तर पांढरी साखर हवी. ती बाहेरून येई आणि महाग पडे.

१९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले आणि साखर कारखाने झपाट्याने उभे राहू लागले. त्याच साली नीरेच्या काठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. इंदापूर तालुक्यात कळंब या गावी वालचंद हिराचंद यांनी मार्सलंड प्राइस कंपनीच्या जमिनीवर ऊसमळा वसवला आणि १९३४ च्या सुमारास साखर कारखाना चालू केला. कळंबचे वालचंदनगर झाले. माळावर वसाहत, शाळा, दवाखाना उभे राहिले. साखर कारखान्यांना लागणारी यंत्रेच तिथे तयार होऊ लागली आणि पुढे तिथल्या कारखान्याने अवकाश संशोधनासाठी रॉकेटचे भागही बनवले. सासवडच्या माळ्यांनीही याच दशकात शेजारच्या माळशिरस तालुक्यात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. शेतकऱ्यांनी भांडवल जमवून काढलेला तो उद्योग होता.

स्वातंत्र्यानंतर सहकाराची लाट आली. बारामतीत माळेगावचा कारखाना, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती कारखाना, त्यामागून नीरेच्या काठचा सोमेश्वर. सभासद शेतकऱ्याला दिवाळीला सवलतीची साखर मिळू लागली. पोते घरात आले तसा चहा गोड झाला, शिरा सणाविणा होऊ लागला, लाडू पांढरे झाले. कस्टर्डच्या दोन सामग्रींपैकी एक आता दारात होती.

साहेबाच्या टेबलावरून मराठी पंक्तीत

इकडे पुण्याच्या छावणीत आणि डाक बंगल्यांत कस्टर्ड कधीच येऊन पोचले होते. अंडी, दूध आणि साखर कुठेही मिळत, भट्टी नसली तरी पातेल्यात वाफवता येई, म्हणून डाक बंगल्याच्या खानसाम्याचा हा हुकमी पदार्थ. साहेबाच्या जेवणाचा शेवट कॅरॅमल कस्टर्डने व्हायचा. पारशी कुटुंबांनी त्यात जायफळ-वेलदोडा घातला, दूध आटवून दाट केले, वरून भाजले आणि ते लग्नाच्या पंक्तीला वाढले. लगन नू कस्टर्ड म्हणून ते आजही प्रसिद्ध आहे. मराठी घरांत मात्र अंड्याने वाट अडवली होती. ज्या पंक्तीत अंडे चालत नाही त्या पंक्तीत कस्टर्ड येणार कसे?

वाट मोकळी झाली ती बर्डच्या शोधाने. पत्नीच्या पथ्यासाठी केलेली बिनअंड्याची पावडर इथल्या शाकाहारी स्वयंपाकघराला जणू मापाने बेतलेली होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले आणि देशी उत्पादकांना वाव मिळाला. पुण्यात मल्होत्रा कुटुंबाने १९५६ साली वीकफील्ड ही कंपनी सुरू केली. तिची कस्टर्ड पावडर, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर आणि जेली पुढे देशभरच्या किराणा दुकानांत पोचली. मराठी घरांत अजूनही 'वीकफील्ड आण' म्हटले की कस्टर्ड पावडर येते.

मराठी गृहिणीने या पदार्थाला स्वतःचे रूप दिले. इंग्रज कस्टर्ड गरम ओततो, आपण ते गार करून फळे घालतो. शिकरणाची सवय असलेल्या घराला दुधातली केळी नवी नव्हती. त्यात सफरचंद, द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे आले. आंबरस-पुरी, बासुंदी-पुरी तशी फ्रूट सॅलड-पुरीही पंक्तीत रूढ झाली. बासुंदीला चार लिटर दूध तासन् तास आटवावे लागते. कस्टर्डमध्ये तेवढाच दाटपणा अर्ध्या तासात येतो आणि दूधही आटत नाही. कमी खर्चात मोठी पंक्त गोड करणारा हा पदार्थ खेड्यांतल्या लग्नांतही शिरला.

सुकडीपासून दुधाच्या पगारापर्यंत

दुसरी सामग्री दूध. ते मुबलक व्हायला अजून एक दुष्काळ सोसावा लागला.

१९७२ साली पुन्हा पाऊस रुसला. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, रस्ते करायचे. बारामती-इंदापूरच्या माळावरची माणसे पुन्हा दुष्काळी कामावर गेली. परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळाला. कामावर सुकडी हा गोडसर कोरडा खाऊ वाटला गेला, तो पोरांनी ओंजळीत घेऊन खाल्ला. ती पोरे आज साठीच्या घरात आहेत. सुकडीची चव त्यांना विचारा, तोंड गोड होते आणि डोळे भरतात. या वेळी १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. अन्न पोचले, काम मिळाले आणि त्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली.

याच सुमारास, १९७१ साली, अप्पासाहेब पवार यांनी बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची उभारणी केली. माळावर पाणी अडवणे, फळबागा, ठिबक आणि संकरित गाई हा त्यांचा कार्यक्रम. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी वळूंच्या रेतनातून झालेल्या गाई गावठी गाईच्या कैकपट दूध देऊ लागल्या. जर्शी हा शब्द गोठ्यागोठ्यात रुळला. ऊसतोडीच्या हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हा फुकटात मिळणारा चारा ठरला. उसाने साखर दिली आणि उसाच्या शेंड्याने दूध दिले. गावोगावी दूध संस्था निघाल्या. बारामती तालुका दूध संघाचे नंदन, इंदापूरची सोनाई ही नावे शहरांतल्या पिशव्यांवर दिसू लागली. १९९० च्या दशकात बारामतीत डायनॅमिक्सचा मोठा दुग्धप्रकल्प आला. भारतात बर्गरची दुकाने उघडली तेव्हा त्यांतल्या चीजच्या चकत्या बारामतीहून जाऊ लागल्या.

या साऱ्यामागे बाईचा हात आहे. पहाटे उठून शेण काढणे, वैरण टाकणे, धार काढणे आणि सांज-सकाळ किटली डेअरीत पोचवणे. दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार हे घरातले पहिले नियमित रोख उत्पन्न होते. त्यातून किराणा आला, शाळेची फी भरली गेली, पुढे हप्त्यावर फ्रिजही आला. उसाचे बिल मोठे, पण ते वर्षाकाठी येई आणि बापयाच्या खात्यात जमा होई. दुधाच्या पगाराने बाईला दुकानातल्या फळीवरचा खोका उचलायचे बळ दिले. कस्टर्ड आमच्या भागात घराघरांत आले ते या पैशाने. साहेबाच्या अनुकरणाचा त्यात वाटा फार थोडा.

घरचे कस्टर्ड

करायची रीत सोपी आहे, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. अर्धा लिटर दूध घ्यावे. त्यातले अर्धी वाटी थंड दूध बाजूला काढून त्यात दोन सपाट मोठे चमचे पावडर गुठळी न राहू देता कालवावी. फ्रिजमधलेच दूध हवे, कोमट दुधात पावडर बसायला लागते. उरलेले दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापत ठेवून त्यात सुमारे ५० ग्रॅम साखर विरघळवावी. उकळी आली की आच मंद करून कालवलेली पावडर पुन्हा एकदा ढवळून घ्यावी, कारण स्टार्च तळाशी बसतो. मग बारीक धार धरून ओतावी. दुसऱ्या हाताने डाव फिरताच राहिला पाहिजे. दाटपणा आल्यावर दोन-तीन मिनिटे आणखी शिजवावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. डावाच्या पाठीवर थर बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की उतरवावे. गार होताना ते आणखी आळते, म्हणून चुलीवर ते थोडे सैलच असावे.

पातेले परातीत थंड पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळत राहावे म्हणजे वर कातडे धरत नाही. पूर्ण गार झाल्यावरच फळे घालावीत. गरमात घातली तर फळांना पाणी सुटते आणि आंबटपणाने दूध नासते. इंदापूरचे डाळिंब आणि पेरू, बारामतीकडची द्राक्षे, केळी, चिकू ही आपली फळे यात उत्तम लागतात. पेरूच्या बिया काढून गर बारीक चिरावा. ताजा अननस घालू नये, त्यातल्या पाचक रसाने दूध कडवट होते. म्हशीचे दूध असेल तर पावडर अर्ध्या चमच्याने कमी करावी. आजाऱ्याला किंवा लहान पोराला द्यायचे तर फळांशिवाय, जायफळ किसून, कोमटच द्यावे.

वाटीचा हिशेब

साखरेचा तो ५० ग्रॅमचा आकडा मी मुद्दाम दिला. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे उसाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागते असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे या एका पातेल्यातल्या साखरेमागे शंभर लिटर पाणी उभे आहे. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो तिथे एका माणसाची दोन दिवसांची गरज तेवढ्यात भागते.

अशी गावे याच दोन तालुक्यांत आहेत. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाला हिरवा ऊस दिसतो, पण पाटाच्या वरच्या अंगाला जिरायती पट्टा आहे. जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्याकडे तो वर्षानुवर्षे डोळे लावून बसतो. इंदापूरची बावीस गावे निवडणुकीमागून निवडणुकीत पाण्याचीच मागणी करतात. उजनीच्या धरणाने १९८० साली भीमेचे पाणी अडवले. त्यात पळसदेवसारखी गावे बुडाली, काठ हिरवा झाला आणि आतला माळ कोरडाच राहिला. १८७५ साली ज्या सुप्यात खतांची होळी झाली ते सुपे आजही जिरायती पट्ट्यातच आहे.

आणखी एक देणे आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर बीड आणि नगरकडून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे इथे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या दवात फड तुटतो, पाचटाच्या कोपीत लेकरे वाढतात आणि बरीचशी शाळेला मुकतात. दुष्काळी मुलखातून उचल घेऊन येणारी ही माणसे दीडशे वर्षांपूर्वी इथला पाट खणणाऱ्यांच्याच जातकुळीची आहेत. आपल्या पिढीने त्यांना पुरेशी मजुरी, पक्का निवारा आणि त्यांच्या लेकरांना शाळा देणे हे कर्तव्यच आहे.

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. ठिबकवरचा ऊस ४० टक्क्यांच्या आसपास पाणी वाचवतो आणि उताराही चांगला देतो, हे इथल्याच शेतकऱ्यांनी आपल्या रानात दाखवून दिले आहे. पाण्याचे गट पाडून ते जास्त गावांत वाटण्याची रीत विश्वेश्वरय्यांनी याच पाटावर घालून दिली आहे. पाणी मुरवण्याची शिकवण फुल्यांची आहे आणि पाझर तलावांचा अनुभव १९७२ चा आहे. वाचलेले पाणी आधी पिण्याला, मग वैरणीला आणि मग उसाला, हा क्रम लावायचे धाडस तेवढे हवे. कालवा खणणाऱ्यांना १८७७ साली दिवसाला पौंडभर धान्य देऊन वाटेला लावले आणि पाण्यावरचा त्यांचा हक्क कुठल्याच वहीत नोंदला गेला नाही. ती नोंद करणे आता आपल्या हातात आहे, आणि पाटाकाठच्या बागायतदारांनीच त्यात पुढाकार घ्यायला हवा.